एंटर मारला, गणित सुटलं?

एम-वन, एम-टू, एम-थ्री! नुसती नावं वाचूनच इंजिनीअरिंगवाल्यांच्या पोटात गोळा आला असेल. बीकॉमवाल्यांना एफवायचा मॅथ्सचा पेपर आठवला असेल. आणि दहावीनंतर गणिताला कायमचा रामराम ठोकलेले आर्ट्सवाले 'आपण सुटलो बाबा' म्हणत पान उलटायच्या बेतात असतील. थांबा! आज मी कुणाला गणितं घालणार नाहीये. घातलंच तर एक, आणि तेही साध्या बेरजेचं.

आता जरा तुमचं ऑफिसमधलं डेस्क डोळ्यासमोर आणा. सकाळी लॉग-इन केल्यापासून घरी निघेपर्यंत आकडेमोड कोण करतं? एक्सेल. टार्गेट किती राहिलं, सेल किती टक्क्यांनी पडला, इन्क्रिमेंट किती मिळणार (किंवा नाही मिळणार!), सगळं मशीन सांगतं. उद्या बॉसनं हातानं भागाकार करायला लावला तर आपण थेट एचआरकडे जाऊ. पण कॉलेजात तीन-तीन तास आपण काय केलं? तर हातानं आकडेमोड. लॉग टेबलचं ते पुस्तक, पानभर पायऱ्या आणि शेवटी चौकटीतलं उत्तर. मध्येच कुठे प्लसचा मायनस झाला की खालचं सगळं पान पाण्यात.

मग साधा प्रश्न पडतो. ही हमाली मशीन करू शकतं, तर गणिताच्या वर्गात कॉम्प्युटर आणा ना! प्रॉब्लेम खल्लास.

गंमत अशी की कॉम्प्युटर वर्गात येऊन बरीच वर्षं झाली आहेत. तरी प्रॉब्लेम काही खल्लास झालेला नाही.

मशीनला सगळं येतं

कॅनडातल्या वॉटर्लू युनिव्हर्सिटीत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला 'मेपल' नावाचं सॉफ्टवेअर तयार झालं. १९८८मध्ये स्टीफन वुल्फ्रमच्या कंपनीनं 'मॅथमॅटिका' आणलं. ही सॉफ्टवेअर्स नुसते आकडे मिळवत-वजा करत नाहीत. एक्स आणि वाय तसेच ठेवून इंटिग्रेशन करतात, समीकरणं सोडवतात, ग्राफ काढतात. म्हणजे ज्या इंटिग्रेशननं आपल्या कितीतरी मित्रांना केटी लावली, ते मशीनला आपल्यातले बरेच जण शाळेत होते (किंवा जन्मलेही नव्हते) तेव्हापासून येतंय.

२००९मध्ये 'वुल्फ्रम अल्फा' आलं आणि हे सगळं इंटरनेटवर फुकटात मिळायला लागलं. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं. आता असली टूल्स उत्तर तर देतातच, वर 'सरांना दाखवायच्या' पायऱ्याही लिहून देतात. म्हणजे 'खालील दहा गणिते सोडवून आणा' हा होमवर्क संपला. तो मुलांसाठी कधीच संपलाय, फक्त काही शिक्षकांपर्यंत बातमी पोचायची आहे.

वर्गात मशीन आणण्याचा सगळ्यात भव्य प्रयोग अमेरिकेत झाला. व्हर्जिनिया टेक युनिव्हर्सिटीनं १९९७मध्ये बंद पडलेल्या एका डिपार्टमेंटल स्टोअरच्या जागेत 'मॅथ एम्पोरियम' सुरू केलं. एका प्रचंड हॉलमध्ये पाचशेहून जास्त कॉम्प्युटर. लेक्चर जवळपास नाहीच. मुलांनी यायचं, स्क्रीनवर वाचायचं, गणितं सोडवायची, चाचणी द्यायची. चुकलं तर मशीन लगेच सांगणार, परत ट्राय करा. अडलं तर मॉनिटरवर लाल प्लास्टिकचा ग्लास ठेवायचा. तो दिसला की मदतनीस तुमच्याकडे येणार. आहे की नाही कल्पक? रात्री दोन वाजता अभ्यास करणाऱ्यांची सोय झाली. हजारो मुलं एकाच पद्धतीनं शिकली. युनिव्हर्सिटीचा दर विद्यार्थ्यामागचा खर्चही कमी झाला.

पण नीट बघा. मुलासमोर आलेला प्रश्न कुठला? तोच, जुना. 'याचं उत्तर काढा.' पूर्वी सर तपासायचे, आता मशीन तपासतं. वही गेली, स्क्रीन आली.

आणि याच्या उलट दुसरं टोक पाहा. एमआयटीतले गिल्बर्ट स्ट्रँग नावाचे प्रोफेसर. त्यांची लिनिअर अल्जिब्राची लेक्चर्स जगभरातल्या लाखो लोकांनी इंटरनेटवर पाहिली आहेत. आपल्याकडचे कित्येक डेटा सायन्सवाले आजही ती बघूनच आपले फंडे क्लिअर करतात. त्या व्हिडिओत अॅनिमेशन नाही, ग्राफिक्स नाहीत. एक माणूस, एक फळा आणि खडू. मध्येच थांबून 'आता पुढे काय होईल?' असं विचारणं. २०२३मध्ये निवृत्त होईपर्यंत या माणसानं खडू सोडला नाही.

म्हणजे वर्गात मशीन किती भारी आहे, यावर फार काही ठरत नाही. प्रश्न काय विचारला, यावर ठरतं.

जर्नल कम्प्लीट!

आपल्याकडे काय चाललंय? सुरुवातीला अडचण होती पैशांची. परदेशी सॉफ्टवेअरचं लायसन्स घ्यायचं म्हणजे साध्या कॉलेजच्या खिशाला मोठं भोक. ती अडचण फुकट सॉफ्टवेअरनं बरीचशी सोडवली. ऑस्ट्रियात साल्झबर्गला शिकणाऱ्या मार्कुस होहेनवार्टर या विद्यार्थ्यानं २००१च्या सुमारास 'जिओजेब्रा'वर काम सुरू केलं, ते आज कुणालाही मोबाइलवर वापरता येतं. फ्रान्समधून 'सायलॅब' आलं. आपल्या आयआयटी मुंबईनं 'फॉसी' नावाच्या प्रकल्पातून अशा फुकट सॉफ्टवेअरचा देशभरातल्या कॉलेजांमध्ये प्रसार केला. 'स्पोकन ट्युटोरियल'मुळे ती मराठीतूनही शिकता येतात. पुणे विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासक्रमात एसवाय बीएस्सीच्या गणिताला चक्क पायथनचं प्रॅक्टिकल आलं.

सही ना? मी पण खूश झाले. मग पुण्यातल्या एका कॉलेजात बीएस्सीला गणित शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला फोन लावला.

"मशीनं आली गं," ती म्हणाली, "पण मशीनबरोबर जर्नलही आलं ना!"

जर्नल म्हणजे काय, हे महाराष्ट्रात शिकलेल्याला सांगायची गरज नाही. एम, प्रोग्रॅम, आउटपुट, कन्क्लूजन. एका हुशार मुलीचं जर्नल पूर्ण होतं आणि व्हॉट्सअॅपवरून ते साठ जणांचं पूर्ण होतं. प्रोग्रॅम तोच, आउटपुट तेच, स्पेलिंगची चूकही तीच. मॅडमची सही, तारीख, कम्प्लीट! पूर्वी आपण पायऱ्या पाठ करायचो, आता मुलं कोड पाठ करतात. रट्टा डिजिटल झाला, इतकंच.

"मग तू काय करतेस?" मी विचारलं.

"एक दिवस लॅबमध्ये येऊन बस. सांगते."

बेरीज थांबते कुठे?

मी गेले. एफवायची बॅच, दोघांत एक पीसी, पंख्यांची घरघर. तिनं फळ्यावर एवढंच लिहिलं: १ + १/२ + १/३ + १/४ + १/५... असंच पुढे.

"प्रत्येक वेळी आधीपेक्षा छोटा तुकडा मिळवतोय. ही बेरीज कुठेतरी जाऊन थांबेल, की वाढतच राहील? आधी वहीत अंदाज लिहा. अंदाज लिहिल्याशिवाय कीबोर्डला हात लावायचा नाही."

(तुम्हीही करा अंदाज. हेच ते बेरजेचं गणित.)

मग मुलांनी चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. १०० पदांची बेरीज ५.१९. हजार पदांची ७.४९. दहा लाख पदांची फक्त १४.३९! दहा लाख आकडे मिळवले आणि पंधराही नाही झाले.

"मॅम, पंधराच्या आत थांबणार," मागच्या बाकावरचा एक मुलगा छातीठोकपणे म्हणाला. अर्ध्या वर्गानं माना डोलावल्या.

"पुढे चालव."

१८,३५,४२१व्या पदाला बेरजेनं पंधरा ओलांडले. वर्गात हलकासा हशा. वीस ओलांडायला किती पदं लागतात माहितीये? २७ कोटी २४ लाखांच्या वर. आणि शंभर ओलांडायचे तर १ वर ४३ शून्यं देऊनही पुरणार नाहीत इतकी. तेवढी बेरीज करायला जगातलं कुठलंही मशीन पुरं पडणार नाही.

मग तिनं एक बदल करायला सांगितला. आकडे साठवायचा थोडा 'हलका' प्रकार निवडा, ज्यात साधारण सातच अंक राहतात. पुन्हा प्रोग्रॅम चालवला. बेरीज १५.४० पर्यंत आली आणि ठप्प. २१ लाख पदांच्या आसपास जी थांबली, ती हलेचना.

"मॅम, पीसी हँग झाला."

"हँग नाही झालेला. लूप चालूच आहे, बघ. मग बेरीज का थांबली?"

दोन-तीन मिनिटं शांतता. मग पुढच्या रांगेतली एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅम, मिळवायचा तुकडा इतका छोटा झालाय की सात अंकांत तो दिसतच नाही. मशीन मिळवतंय, पण फरक पडत नाहीये."

करेक्ट! म्हणजे मशीन सांगतंय की बेरीज थांबली, पण ते खरं की खोटं?

इथे माझ्या मैत्रिणीनं सगळ्यांचे मॉनिटर बंद करायला लावले आणि खडू उचलला. चौदाव्या शतकात फ्रान्समध्ये निकोल ओरेम नावाचा विद्वान होता. त्यानं काय केलं? १/३ आणि १/४ यांची जोडी केली. दोन्ही तुकडे १/४ किंवा त्याहून मोठे, म्हणून बेरीज १/२ पेक्षा जास्त. पुढचे चार तुकडे, १/५ ते १/८. चारही १/८ किंवा त्याहून मोठे, म्हणून पुन्हा १/२ पेक्षा जास्त. पुढचे आठ, पुन्हा तेच. पुढचे सोळा, पुन्हा तेच. प्रत्येक गटातून किमान अर्धा मिळतोच, आणि गट काही संपत नाहीत. मग बेरीज थांबेल कशी? कधीच नाही थांबणार. वीज नसलेल्या काळात एका माणसानं चार ओळींत जे सिद्ध केलं, ते मशीनला कितीही वेळ दिला तरी नुसत्या बेरजेतून दिसणार नाही.

खरं सांगते, कॉलेजात ही सीरीज मीही वाचली होती. 'डायव्हर्जंट' एवढा एक शब्द, दोन मार्कांना. त्या लॅबमधल्या पोरांना मात्र त्या शब्दाचा अर्थ कळला, कारण पंधराचा अंदाज त्यांचा स्वतःचा होता. तो आधी मशीननं मोडला, मग मशीनच चुकलं आणि शेवटी दोघांचा निकाल खडूनं लावला. यात पीसी काढून टाकला असता तर ओरेमची सिद्धता डोक्यावरून गेली असती. खडू काढून टाकला असता तर वर्गानं १५.४० हे उत्तर जर्नलमध्ये लिहून सही घेतली असती.

मशीन चुकतं तेव्हा

'मशीन कधी चुकत नाही' असं म्हणणाऱ्यांसाठी एक खरी गोष्ट. १९९४मध्ये अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजातले गणिताचे प्रोफेसर थॉमस नाइसली अशाच एका बेरजेच्या मागे होते. ३ आणि ५, ११ आणि १३, अशा दोनच्या अंतरावर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या घ्यायच्या आणि १/३, १/५, १/११ असे तुकडे मिळवत जायचे. त्यांच्या नव्याकोऱ्या पेंटियम कॉम्प्युटरचं उत्तर जुन्या मशीनशी जुळेना. सगळं तपासून झाल्यावर दोष सापडला तो थेट चिपमध्ये. भागाकारासाठी आत जो तक्ता होता, त्यातल्या पाच नोंदी गायब होत्या. ४१९५८३५ला ३१४५७२७नं भागलं तर उत्तर १.३३३८ यायला हवं, चिप १.३३३७ सांगत होती. शेवटी इंटेलला चिप बदलून द्यायची तयारी दाखवावी लागली आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलर्सचा भुर्दंड हिशेबात धरावा लागला.

ती चिप कितीतरी लोकांच्या टेबलावर होती. चूक पकडली कुणी? ज्याला स्क्रीनवरच्या आकड्याकडे बघून 'हे जरा पटत नाही' असं वाटलं, त्यानं. कॉलेजच्या गणितानं आपल्याला द्यायचं ते हेच, 'पटत नाही' म्हणण्याची ताकद.

आपलं काय जातं?

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे मूळ संख्या मोजत बसतो? बरोबर. पण होम लोन तर घेता ना?

समजा ५० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. ईएमआय ४३,३९१ रुपये. एक्सेल एका सेकंदात सांगतं. आता दर साडेनऊ टक्के झाला. बँक प्रेमानं म्हणते, "सर, काळजी नको, ईएमआय तोच ठेवतो, फक्त मुदत थोडी वाढेल." थोडी म्हणजे किती? अंदाज करा. एक वर्ष? दोन?

उत्तर आहे जवळपास ६९ महिने. पावणेसहा वर्षं! २४० हप्त्यांचे ३०९ होतात. दर वाढला एकच टक्का.

हे उगाच घातलेलं गणित नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. अनेकांचा ईएमआय तसाच राहिला आणि मुदत मात्र गुपचूप लांबली. ऑगस्ट २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेला बँकांना बजावावं लागलं की दर बदलताना ग्राहकाला सांगा, ईएमआय वाढवायचा की मुदत, हे त्याला निवडू द्या.

या ६९ महिन्यांमागे काय आहे? भूमिती श्रेणी आणि लॉगॅरिदम. आपण दोन्ही शिकलो. लॉग टेबल उघडून दहा-दहा गणितं केली. पण 'दर एक टक्का वाढला तर मुदत किती वाढेल, आधी अंदाज सांग, मग मशीनवर करून बघ, आणि इतकी का वाढली ते समजाव' हा प्रश्न आपल्याला कुणी विचारला नाही. त्या काळी तो विचारणं अवघडही होतं, अख्खा तास आकडेमोडीत गेला असता. आज तो दहा मिनिटांत विचारता येतो. वर्गात कॉम्प्युटर हवा, तो यासाठी.

जुन्या सरांचं एक म्हणणं असतं. हातानं केल्याशिवाय गणित अंगात मुरत नाही. ते खोटं नाही. अपूर्णांक हातानं केलेले नसतील तर ओरेमची जोडी कळणार कशी? १/३ हा १/४ पेक्षा मोठा, यासाठी मोबाइल काढावा लागला तर सगळंच ओम फट् स्वाहा. पण पोहायला शिकताना काठ धरतात, म्हणून जन्मभर काठच धरायचा का? दहा गणितं हातानं करा. अकराव्यापासून मशीनला द्या आणि उरलेल्या वेळात डोकं चालवा.

खरी गाडी अडते ती परीक्षेपाशी. मैत्रीण म्हणाली, "लॅबमध्ये मी हे सगळं घेते. पण पेपरात यातलं काहीच येत नाही. मुलं हुशार आहेत गं, मार्क कशाला आहेत हे त्यांना बरोबर कळतं." पेपरात १५.४० हे आउटपुट छापा आणि विचारा, यावर विश्वास ठेवाल का, का नाही? याचं उत्तर आधी पाठ करून ठेवता येत नाही. पण तपासणाऱ्याला प्रत्येक पेपर खरोखर वाचावा लागेल. लॅबमध्ये आणखी तीस पीसी बसवण्यापेक्षा हे जास्त अवघड आहे, आणि म्हणूनच ते मागे पडतं.

यात नुकसान कुणाचं होतं? 'मला गणित जमत नाही' असं ठरवून टाकलेल्या मुलांचं. त्यातल्या कितीतरी जणांना जमत नव्हती ती फक्त आकडेमोड. वेग कमी होता, प्लस-मायनस घसरायचे. आता ते काम मशीनकडे गेलंय. विचार करायचा भाग त्यांना कुणी कधी दिलाच नव्हता. त्या लॅबमध्ये 'तुकडा दिसतच नाही' म्हणणारी मुलगी, मैत्रीण सांगत होती, पेपरात जेमतेम पास होते.

तर आता एक काम करा. तुमचं होम लोन किंवा कार लोन असेल तर एक्सेल उघडा. 'एनपर' नावाचं फंक्शन आहे, किती हप्ते लागतील ते सांगणारं. त्यात महिन्याचा दर, ईएमआय आणि राहिलेलं कर्ज टाका. ईएमआयच्या आधी मायनस लावायला विसरू नका. मग दर एक टक्क्यानं वाढवून बघा. मात्र एंटर मारायच्या आधी कागदावर अंदाज लिहायचा. आणि घरात कॉलेजात जाणारा भाऊ-बहीण असेल, तर 'उत्तर काय आलं?' असं विचारू नका, ते मोबाइल सांगतोच. 'उत्तर यायच्या आधी तुझा अंदाज काय होता?' असं विचारा.